रेशीम संगोपनगृहातील हवा फाजील दमट का होते? दोष शोधण्याची व दूर करण्याची रीत

परभणी हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा जिल्हा होय. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील नित्याची पिके. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड व रेशीम कीटक संगोपन हा धंदा अनेक गावांत रुजला आहे. पूर्वी येथील शेतकऱ्यास कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत प्रवास करावा लागे. २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून ही अडचण पुष्कळ अंशी कमी झाली. थोड्या जमिनीत, घरच्या माणसांच्या श्रमावर, वर्षातून अनेक वेळा पैसा देणारा असा हा धंदा आहे.

परंतु या धंद्यास एक गोष्ट सतत सांभाळावी लागते. ती म्हणजे संगोपनगृहातील हवा. मराठवाड्याचा उन्हाळा कडक व कोरडा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा इतकी शुष्क होते की रॅकवर टाकलेला तुतीचा पाला पाहता पाहता कोमेजतो. कोमेजलेला पाला अळी खात नाही. यास्तव शेतकऱ्यांनी संगोपनगृहात फॉगर, कूलर, ओली गोणपाटे, छतावरील तुषार अशी साधने बसविली. ही साधने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. तथापि हवा ओली करणारे साधन जितक्या तत्परतेने चालू केले जाते, तितक्या तत्परतेने बंद केले जात नाही. आणि कोरड्या हवेपासून वाचविलेले पीक फाजील दमट हवेने हातचे जाते. असे का घडते, दोष कोठे शोधावा व तो कसा दूर करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

मे महिन्याची मांडणी आणि जून महिन्याची हवा

उदाहरणादाखल एक संगोपनगृह डोळ्यांसमोर आणू. ५० फूट लांब, २० फूट रुंद, सरासरी १२ फूट उंच, वर पत्रे, आत रॅक, छताखाली फॉगरची नळी. मे महिन्याच्या अखेरीस चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या १०० अंडीपुंजांच्या अळ्या आणल्या. बाहेर ४२ अंश तापमान. त्या वेळी शेतकऱ्याने फॉगरचे टायमर दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालेल असे लावले आणि ते योग्यच होते. लहान अळीस दमट हवा मानवते. पाला टवटवीत राहिला. अळ्या एकसारख्या वाढल्या.

पुढे जूनचा दुसरा आठवडा उजाडला. मृगाच्या सरी पडल्या. अळ्यांनी चौथी कात टाकली व त्या पाचव्या अवस्थेत शिरल्या. टायमर मात्र मे महिन्यात लावलेला तसाच राहिला. बाहेरची हवा ओली होत गेली आणि नेमक्या त्याच दिवसांत अळीची ओलाव्याची गरज कमी होत गेली. रात्री पत्र्यावरून पाण्याचे थेंब बेडवर पडू लागले. दोन-तीन दिवसांत काही अळ्या मलूल झाल्या, काहींची विष्ठा पातळ झाली. चंद्रिकेवर चढण्यास चार दिवस राहिले असता अशा अळ्या उचलून खड्ड्यात पुराव्या लागणे म्हणजे पाल्याचा, मजुरीचा, अंडीपुंजांचा आणि घरातील स्त्रीपुरुषांच्या जागरणाचा खर्च एकदम पाण्यात जाणे होय. पिकाचा जवळजवळ सर्व खर्च झालेला असतो, उत्पन्न मात्र हाती आलेले नसते.

येथे यंत्र बिघडले नव्हते. ते लावले होते त्याप्रमाणेच चालत होते. अवस्था बदलली, ऋतू बदलला, पण मांडणी बदलली नाही, हा खरा दोष होय. इतर प्रसंगी यंत्रातही दोष असतो. तो कसा ओळखावा हे पुढे पाहू. तत्पूर्वी आर्द्रता म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आर्द्रतेचे टक्के कशाचे?

हवेत पाण्याची अदृश्य वाफ असते. गरम हवा अधिक वाफ सामावून घेते, थंड हवा कमी. २४ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम वाफ धरू शकते. ३० अंशांची सुमारे ३० ग्रॅम आणि ४० अंशांची सुमारे ५१ ग्रॅम. या कमाल मर्यादेच्या मानाने हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे, ते आर्द्रतेचे टक्के सांगतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. सायंकाळी संगोपनगृहात ३० अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे दर घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम वाफ आहे. सर्व खिडक्या बंद करून मंडळी झोपली. पहाटे आतील तापमान २४ अंशांवर उतरले. एक थेंबही पाणी नव्याने न देता तीच हवा आता जवळजवळ ९८ टक्के दमट झाली. पत्रा तर हवेपेक्षाही अधिक थंड होतो. म्हणून त्याला खालून पाणी सुटते व ते बेडवर ठिबकते. सायंकाळी योग्य वाटलेली आर्द्रता पहाटे घातक का ठरते, याचे कारण हे आहे.

थंड देशांतील घरांतही हाच अनुभव येतो. तेथे हिवाळ्यात भट्टीच्या साहाय्याने सर्व घर उबदार ठेवतात आणि उबेमुळे कोरडी पडलेली हवा ओलसर करण्यासाठी भट्टीस आर्द्रतायंत्र जोडतात. बाहेर थंडी वाढली की खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी धरू लागते, भिंतींना बुरशी लागते. अशा वेळी तेथील जाणता गृहस्थ यंत्राचा काटा खाली आणतो. बाहेर थंडी जितकी अधिक, तितका आतील ओलावा कमी ठेवावयाचा, हा तेथील नियम आहे. तेथे काच जी सूचना देते, ती आपल्याकडे पत्रा देतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या परिमाणाची. वर वर्णिलेल्या संगोपनगृहात सुमारे ३४० घनमीटर हवा मावते. ३० अंश तापमानास तिची आर्द्रता ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेण्यास किती पाणी लागेल? हिशेबाने केवळ तीन लिटरांच्या आसपास. हवा बाहेर जाते, भिंती व गोणपाटे ओलावा शोषतात, म्हणून व्यवहारात काही अधिक लागेल. परंतु ताशी सहा लिटर पाणी फेकणारे दहा फॉगर एका मिनिटात एक लिटर पाणी हवेत सोडतात, हे लक्षात घेतले म्हणजे बंद घरात हे यंत्र अर्धा तास विसरून राहिले तर काय होईल, ते सांगावयास नको.

शिवाय यंत्र हे एकच ओलाव्याचे उगमस्थान नव्हे. तुतीच्या ताज्या पाल्यात वजनाच्या सुमारे ७० ते ७५ टक्के पाणीच असते. पाचव्या अवस्थेत १०० अंडीपुंजांच्या अळ्यांना रोज सुमारे १०० किलो पाला लागतो. म्हणजे दररोज सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी पाल्याच्या रूपाने घरात येते. त्यातील मोठा भाग अळीच्या श्वासावाटे, विष्ठेवाटे व उरलेल्या पाल्यातून बाष्परूपाने हवेत मिसळतो. मोठ्या अळ्यांनी भरलेले संगोपनगृह हे स्वतःच एक आर्द्रतायंत्र होय.

कोणत्या अवस्थेत किती आर्द्रता हवी?

सर्वसाधारणपणे पुढील प्रमाण हितावह मानले जाते.

पहिली अवस्था : तापमान २७ ते २८ अंश, आर्द्रता ८५ ते ९० टक्के.
दुसरी अवस्था : तापमान २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के.
तिसरी अवस्था : तापमान २६ अंश, आर्द्रता ८० टक्के.
चौथी अवस्था : तापमान २५ अंश, आर्द्रता ७० ते ७५ टक्के.
पाचवी अवस्था : तापमान २४ ते २५ अंश, आर्द्रता ६५ ते ७० टक्के.
कोष विणण्याचा काळ : तापमान २४ ते २५ अंश, आर्द्रता ६० ते ६५ टक्के.

अळी मोठी होत जाते तशी तिला कोरडी व खेळती हवा अधिकाधिक लागते, हा या आकड्यांचा अर्थ आहे. प्रत्येक कातेच्या वेळीही बेड कोरडा असावयास हवा. बेड ओला राहिल्यास काही अळ्या लवकर व काही उशिरा कात टाकतात आणि पीक एकसारखे राहत नाही. चंद्रिकेवर चढलेली अळी कोष विणण्यापूर्वी शरीरातील बरेच पाणी बाहेर टाकते. त्या वेळी हवा कोंदट असल्यास कोष डागाळतात, कवच ओलसर राहते, धागा नीट उकलत नाही व बाजारात भाव उतरतो.

फाजील ओलाव्याचा रोगांशी असलेला संबंध जुन्या काळापासून परिचित आहे. इटलीतील शास्त्रज्ञ आगोस्तिनो बास्सी याने १८३५ साली दाखवून दिले की, अळी खडूसारखी पांढरी व टणक करून मारणारा मस्कार्डीन हा रोग एका सजीव बुरशीमुळे होतो. एखाद्या प्राण्याचा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, याचा हा अगदी आरंभीचा पुरावा होय. त्या बुरशीस आज त्याचेच नाव दिलेले आहे. तिचे बीज रुजण्यास अतिशय दमट हवा लागते. पुढे १८६५ साली लुई पाश्चर फ्रान्सच्या दक्षिण भागात रेशीम कीटकांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी गेला आणि पेब्रीन व फ्लॅचरी हे दोन वेगळे रोग असल्याचे त्याने सिद्ध केले. फ्लॅचरी हा रोग कोंदट हवा, निकृष्ट किंवा ओला पाला व तापमानातील चढउतार यांच्या संगतीने बळावतो, हा अनुभव आजही येतो.

प्रथम मोजमाप, मग इलाज

हवा दमट आहे असे केवळ अंगाला वाटून निर्णय घेऊ नये. ओला-कोरडा तापमापक हे स्वस्त व भरवशाचे साधन आहे. दोन सारखे तापमापक शेजारी टांगलेले असतात; एकाच्या फुग्यावर ओली मलमलची वात असते. पाण्याच्या बाष्पीभवनाने तो थंड होतो व कमी तापमान दाखवितो. दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी हवा अधिक दमट. कोरड्या तापमापकावर २५ अंशांच्या आसपास तापमान असताना पुढील हिशेब पाठ करून ठेवावा.

अंतर १ अंश : आर्द्रता सुमारे ९२ टक्के.
अंतर २ अंश : सुमारे ८४ टक्के.
अंतर ३ अंश : सुमारे ७७ टक्के.
अंतर ४ अंश : सुमारे ७० टक्के.
अंतर ५ अंश : सुमारे ६३ टक्के.

म्हणजे मोठ्या अळ्यांच्या वेळी अंतर ४ ते ५ अंश असावे. ते २ अंशांवर आले तर धोक्याची सूचना समजावी.

मापकही चुकू शकतो. वात वाळलेली, मळलेली किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कडक झालेली असेल, तर ओला तापमापक वाजवीपेक्षा जास्त तापमान दाखवितो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट भासते. याकरिता वात आठवड्यास बदलावी, तीस स्वच्छ पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी द्यावे व वाचन घेण्यापूर्वी दोन मिनिटे पुठ्ठ्याने वारा घालावा.

पुष्कळांकडे आकडे दाखविणारा विजेरीवरील आर्द्रतामापक असतो. त्याची परीक्षा घरच्या मिठाने करता येते. एका झाकणात खाण्याचे मीठ घेऊन त्यावर थोडे पाणी शिंपडावे. मीठ ओले व्हावे, परंतु पूर्ण विरघळू नये. हे झाकण व मापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर सावलीत ठेवावा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवावयास हवे. तो ७० दाखवीत असेल, तर त्याच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवावे. दर पिकापूर्वी ही परीक्षा घ्यावी.

दोष शोधण्याचा क्रम

मोजमापाने हवा खरोखरच फाजील दमट असल्याचे ठरल्यावर पुढील क्रमाने शोध घ्यावा. क्रम सोडून एकदम यंत्र उखडणे अथवा सर्व खिडक्या सताड उघडणे योग्य नव्हे.

१. यंत्र बंद करून पाहावे. फॉगर, कूलर व तुषार बंद करून दोन तास थांबावे व दर अर्ध्या तासाने वाचन लिहून ठेवावे. आर्द्रता उतरू लागली तर दोष यंत्रात किंवा त्याच्या मांडणीत आहे. ती तशीच राहिली तर ओलावा बेडमधून, जमिनीतून किंवा बाहेरच्या हवेतून येत आहे. या एका परीक्षेने निम्मा शोध पूर्ण होतो.

२. टायमर तपासावा. तो कोणत्या तारखेस व कोणत्या अवस्थेसाठी लावला होता? अवस्था बदलली, पाऊस पडला किंवा रात्र झाली की मांडणी बदलावयास हवी. रात्री टायमर सामान्यतः बंदच असावा. दिवसा आवश्यकता भासल्यास अर्धा ते एक मिनिट फॉगर चालवून दहा मिनिटांनी मापक पाहावा आणि मगच पुन्हा चालवावा.

३. संवेदकाची जागा पाहावी. काही ठिकाणी आर्द्रता कमी होताच फॉगर आपोआप सुरू करणारा संवेदक असतो. तो दाराजवळ, उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली टांगलेला असेल, तर तेथील गरम हवा त्याला कोरडी वाटते आणि बेडवर चिखल झाला तरी तो फॉगर चालूच ठेवतो. संवेदक मधल्या रॅकवर, अळ्यांच्या उंचीवर व फॉगरच्या थेट फवाऱ्यापासून दूर असावा. बेडवर चुना धुरळताना त्यावर कापड झाकावे, कारण चुन्याचा थर बसलेला संवेदक खरे वाचन देत नाही.

४. फॉगरची तोंडे तपासावीत. मराठवाड्यातील बऱ्याच विहिरी व बोअरचे पाणी जड आहे. त्यातील क्षार तोंडात साचले की धुक्याऐवजी मोठे थेंब पडतात. ते हवेत न विरता पाल्यावर पडतात. शाळेतील कोरडी काळी पाटी फॉगरखाली हातभर अंतरावर काही क्षण धरावी. पाटीवर केवळ दव धरल्यासारखे दिसले तर ठीक. टपोरे ठिपके दिसले तर तोंड काढून लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवावे, मऊ ब्रशाने धुवावे व पुन्हा बसवावे. झिजलेले तोंड बदलावे. पंपापूर्वी गाळणी असलीच पाहिजे. पंपाचा दाब कमी असल्यासही थेंब मोठे पडतात.

५. बंद केल्यानंतरचे ठिबकणे पाहावे. पंप थांबल्यावर नळीतील उरलेले पाणी तोंडांवाटे बराच वेळ ठिबकत राहते. प्रत्येक तोंडापूर्वी ठिबकरोधक झडप बसवावी. तसे तूर्त शक्य नसल्यास नळी रॅकवरून हलवून मधल्या वाटेवर घ्यावी.

६. गळती शोधावी. रात्री सर्व बंद केल्यावर टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर झडप, सांधा किंवा कूलरचा तरंगता गोळा गळत आहे. ओली जमीन दिवसभर वाफ देत राहते.

७. कूलर कोणती हवा ओढतो, ते पाहावे. ही चूक फार सार्वत्रिक आहे. कूलर घराच्या आत ठेवला व खिडक्या बंद केल्या, तर तो आतलीच ओली हवा पुनःपुन्हा ओली करतो. काही वेळाने थंडावा थांबतो व केवळ कोंदटपणा उरतो. कूलर खिडकीत बसवून बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा उघडा ठेवावा. जितकी हवा आत, तितकी बाहेर, हे सूत्र लक्षात ठेवावे.

८. जाळ्या झाडाव्यात. उझी माशीपासून संरक्षण करणाऱ्या बारीक जाळ्या आवश्यकच आहेत. परंतु त्यांवर धूळ व चुना बसला की हवा अडते. पंधरा दिवसांनी त्या झाडाव्यात. जाळी काढून टाकू नये.

९. शेवटी बेड पाहावा. पाला पावसाने भिजलेला असेल तर फांद्या सावलीत उभ्या करून पाणी निथळू द्यावे. खालचा उरलेला पाला व विष्ठा साचून जाड थर झाला असेल तर तो बाहेर काढावा. पाचव्या अवस्थेत १०० अंडीपुंजांच्या अळ्यांस सुमारे ६०० ते ७०० चौरस फूट बेड मिळावा. दाटी असेल तेथे यंत्र नसले तरी हवा कोंदटते. बहुतेक अळ्या कातेवर बसल्या की पाला देणे थांबवून विरलेला चुना पातळ थराने धुरळावा. तो बेडमधील ओल शोषून घेतो.

ऋतू पाहून साधन वापरावे

कूलरची शक्ती हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर सुमारे २८ अंशांची व ७० टक्क्यांच्या आतबाहेर आर्द्रतेची हवा देतो. मोठ्या अळीस ती चालण्याजोगी असते. तोच कूलर जुलै महिन्यात, बाहेर ३१ अंश व ७५ टक्के आर्द्रता असताना चालविला, तर तापमान जेमतेम तीन अंशांनी उतरते आणि हवा ९० टक्क्यांहून अधिक दमट होते. म्हणून पावसाळ्यात कूलरचा पंखा चालवावा, पाण्याचा पंप चालवू नये. कूलरच्या गवती किंवा कागदी जाळ्या पूर्ण वाळल्यावरच पंखा सुरू करावा.

झडीच्या दिवसांत बाहेरची हवाच ओलीचिंब असते. तेव्हा खिडक्या उघडून आर्द्रता उतरत नाही. दुपारी पावसाने उघडीप दिली की तेवढ्या वेळात हवा खेळवून घ्यावी. पंख्याने हवा हलती ठेवावी, परंतु झोत थेट अळ्यांवर येऊ नये. तापमान २४ अंश किंवा त्याहून खाली असेल तर विजेच्या हीटरने थोडी ऊब द्यावी. २४ अंशांची ९५ टक्के दमट हवा २६ अंशांवर आणली असता आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांवर व २८ अंशांवर आणली असता सुमारे ७५ टक्क्यांवर उतरते. मोठ्या अळीस २८ अंश ही फाजील ऊब होय. यास्तव एक-दोन अंशांवर समाधान मानावे व बाकीचे काम चुना, विरळ बेड व पंखा यांवर सोपवावे. कोळशाची शेगडी बंद घरात मुळीच ठेवू नये. तिचा विषारी वायू माणसाच्या व अळीच्या, दोघांच्याही जिवावर उठतो.

हिवाळ्यात परभणीतील रात्री बऱ्याच थंड असतात. तेव्हा थंडीच्या भीतीने घर गोणपाटांनी बंद केले जाते आणि पहाटे पत्रा ठिबकू लागतो. पत्र्याखाली गवताचे किंवा थर्मोकोलचे आच्छादन केल्यास पत्र्यापर्यंत दमट हवा पोहोचत नाही व ठिबकणे थांबते. छताजवळचे झरोके रात्रीही थोडे उघडे असावेत, कारण गरम व दमट हवा वर चढते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. दमटपणाच्या भीतीने उन्हाळ्यात फॉगर कायमचे बंद करणे हीदेखील तितकीच मोठी चूक होय. लहान अळीस कोरडी हवा मारक आहे. कोमेजलेल्या पाल्यावर अळी अर्धपोटी राहते व कोष हलके होतात. साधन टाकून द्यावयाचे नाही; ते मापकाच्या आज्ञेत ठेवावयाचे आहे.

रोगाची लक्षणे दिसल्यास

मलूल, पातळ विष्ठा टाकणारी व ओकारी करणारी अळी फ्लॅचरीची असू शकते. अंग फुगून तकतकीत झालेली, बेडच्या कडेने फिरणारी व फुटल्यास दुधासारखा द्रव सोडणारी अळी ग्रासरीची समजावी. मेल्यानंतर टणक व पांढरी पडणारी अळी मस्कार्डीनची होय. अशा अळ्या हाताने न उचलता चिमट्याने उचलून चुना व ब्लीचिंग पावडर टाकलेल्या भांड्यात गोळा कराव्यात व दूर खोल खड्ड्यात पुराव्यात. त्या उकिरड्यावर टाकू नयेत किंवा कोंबड्यांस घालू नयेत. बेडवर शिफारस केलेले निर्जंतुक धुरळावे व त्याच दिवशी हवेचा दोष शोधण्यास आरंभ करावा. हवा तशीच दमट राहिली तर केवळ औषधाने रोग आटोक्यात येत नाही. शंका असल्यास परभणी येथील जिल्हा रेशीम कार्यालयाचा, अथवा १९७२ साली स्थापन झालेल्या व आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातील रेशीम संशोधन योजनेचा सल्ला घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

संगोपनगृहास भेट देणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम पाला किंवा अळी न पाहता भिंतीवरील मापक पाहावा. मापक नसेल तर तो बसविण्यास सांगावे. मापकाशेजारी एक वही टांगून तीत सकाळी सहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा व रात्री दहा या चार वेळांची वाचने, अळीची अवस्था आणि यंत्राची मांडणी लिहिण्याची सवय लावावी. हे काम घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगीही करू शकेल. पीक बिघडल्यावर 'नशीब' म्हणून सोडून देण्याऐवजी वही उघडून कोणत्या रात्री अंतर दोन अंशांखाली गेले, ते दाखविता येते. आणि जो दोष दाखविता येतो, तो पुढच्या पिकास टाळता येतो.

प्रत्येक कातेनंतर, पहिल्या पावसानंतर व थंडी सुरू होताच, अशा तीन प्रसंगी यंत्राची मांडणी नव्याने ठरवावी, एवढा एक नियम जरी गावोगाव पाळला गेला तरी पुष्कळ नुकसान टळेल. उन्हाळ्यात अळीच्या मुखी टवटवीत पाला देणारे यंत्र पावसाळ्यात तिचा घात करू शकते. ते केव्हा चालवावे व केव्हा थांबवावे, हे भिंतीवरचे दोन तापमापक दररोज सांगत असतात. शेतकरी बंधुभगिनींनी ते वाचण्याची सवय जडवून घ्यावी, म्हणजे महिनाभराच्या श्रमाचे चीज होऊन पांढरे शुभ्र कोष बाजारात जातील.